आव आणि आवांका

पंक्तीस बसलेल्या मंडळींचे उष्टे हात वाळून जावे आणि तरीहि पाटावरून कोणी उठूं नये, असे कांहीं विषय असतात. 'सर्वांत चांगलें गाणें कोणतें' हा त्यांपैकीं एक, आणि 'सर्वांत वाईट गाणें कोणतें' हा दुसरा. पहिल्या प्रश्नास उत्तर देतांना माणसें जपून बोलतात. दुसरा निघाला म्हणजे सर्वांस एकाएकीं कंठ फुटतो. स्तुतीस थोडा तरी अभ्यास लागतो, निंदेस तो लागत नाहीं, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असावी. लोकांची रुचि भिन्न असते हें कालिदासानें फार पूर्वीं सांगून ठेविलें. तरी हा वाद संपला नाहीं, व तो संपावा अशी आमची इच्छाहि नाहीं. मात्र तो कसा करावा याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटल्यावरून हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्या वादाविषयीं लिहावयाचें तो इंग्लंड-अमेरिकेंतील 'रॉक' संगीताचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत जन्मलेलें, विजेवर चालणारी गिटार व मोठ्या घोषाचे ड्रम यांवर उभारलेलें हें लोकप्रिय संगीत आज आपल्याहि घराघरांतील तरुण मंडळी ऐकतात, आणि वडील मंडळी त्यास 'गोंगाट' या एका शब्दांत निकालांत काढितात. वडिलांस बहुधा ठाऊक नसतें तें हें कीं, या संगीताच्या रसिकांतच गेलीं पन्नास वर्षें एक कडाक्याचें भांडण चालू आहे. रॉकमधील सर्वांत वाईट आणि सर्वांत आडंबरी कृति कोणती, हा त्या भांडणाचा विषय. यांतील 'वाईट' आणि 'आडंबरी' हे दोन शब्द त्या मंडळींच्या तोंडीं इतके एकत्र नांदतात कीं, जणूं ते एकाच अर्थाचे आहेत. प्रथम त्यांची फारकत केली पाहिजे.

'वाईट' या शब्दापासून आरंभ करूं. १९८५ सालीं 'स्टारशिप' नांवाच्या अमेरिकन संचानें 'वी बिल्ट धिस सिटी' हें गाणें काढिलें. त्या वर्षीं अमेरिकेंतील लोकप्रियतेच्या यादींत तें पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलें. पुढें २००४ सालीं 'ब्लेंडर' या अमेरिकन मासिकानें अत्यंत वाईट अशा पन्नास गाण्यांची यादी छापिली, तेव्हां तींतहि पहिला मान याच गाण्यास मिळाला. आणि २०११ सालीं 'रोलिंग स्टोन' पत्राच्या वाचकांनीं १९८० ते १९८९ या दशकांतील सर्वांत वाईट गाणें म्हणून यालाच कौल दिला. एकच गाणें दोन्ही टोकांस कसें पोंचलें? याचें एक उत्तर सरळ आहे. ज्या गाण्याकडे कोणीं ढुंकूनहि पाहिलें नाहीं, त्यास कोणी शिव्याहि देत नाहीं. अशा यादींत बसण्यास आधीं लाखों घरांत वाजावें लागतें. खरोखर वाईट अशीं सहस्रावधि गाणीं अज्ञातवासांतच मरण पावलीं, व त्यांची गणती करावयास कोणी बसलें नाहीं.

दुसरें उत्तर अधिक खोल आहे. स्टारशिपची पूर्वपीठिका 'जेफरसन एअरप्लेन' या संचापर्यंत जाते. १९६९ च्या सुप्रसिद्ध वुडस्टॉक महोत्सवांत गायिलेला हा संच त्या काळच्या बंडखोर तरुणांचा कंठ समजला जाई. त्याच संचाची गायिका ग्रेस स्लिक ही १९८५ च्या गाण्यांतहि आहे. गाण्याचा आशय असा कीं, हें नगर आम्हीं रॉकच्या पायावर उभारिलें, आणि आतां पैसेवाले येऊन आमचें संगीत बळकावीत आहेत. परंतु हें गाऱ्हाणें चार गीतकार-संगीतकारांच्या हातून घडून, यंत्राच्या साह्यानें गुळगुळीत होऊन, बाजारासाठींच बाहेर पडलेलें. व्यापाऱ्याविरुद्धची तक्रार व्यापाऱ्याच्याच गल्ल्यावर बसून मांडावी तसा हा प्रकार झाला. म्हणजे श्रोत्यांस राग आला तो सुरांचा नव्हे; चाल तर ओठांवर सहज बसते. राग आला तो बोलणें आणि असणें यांतील अंतराचा. 'वाईट' म्हणून ज्याची निंदा झाली, त्याचा खरा अपराध 'आव' हाच होता.

'आव' हा आपला घरगुती शब्द या ठिकाणीं फार उपयोगी पडतो. अंगीं नसलेलें आहे असें दाखविणें म्हणजे आव. अंगीं जितकें खरोखर असेल तितका आवांका. आव मोठा आणि आवांका लहान, म्हणजे आडंबर. हें माप एकदां हातीं घेतलें कीं भांडणांतील पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

आडंबराच्या आरोपाखालीं ज्या कृतीस पन्नास वर्षें पुन्हां पुन्हां पिंजऱ्यांत उभें करण्यांत येतें, तिचा आपल्याशीं अगदीं निकटचा संबंध आहे. 'येस' नांवाच्या इंग्रज संचाचा गायक जॉन अँडरसन हा १९७३ सालीं, मित्राच्या शिफारशीवरून, परमहंस योगानंदांचें इंग्रजी आत्मचरित्र वाचीत होता. त्यांतील एका तळटीपेंत शास्त्रांचे श्रुति, स्मृति, पुराण व तंत्र असे चार वर्ग सांगितले आहेत. ही चौकडी आपल्याकडे तांत्रिक ग्रंथांतून आढळते. 'कुलार्णवतंत्रां'त तर चार युगांस हे चार क्रमानें वांटून दिले आहेत. अँडरसनला त्या टीपेंत एका महान संगीतरचनेचा आराखडा दिसला. स्टीव्ह हाव या गिटारवादकाच्या साह्यानें त्यानें चार वर्गांवर चार खंड रचिले. दोन तबकड्यांच्या चार बाजू, प्रत्येक बाजूस सुमारें वीस मिनिटांचा एक खंड, मिळून ऐशीं मिनिटांहून थोडें अधिक. ग्रंथाचें नांव 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. १९७३ च्या डिसेंबरांत तो इंग्लंडांत प्रसिद्ध झाला व तेथील विक्रीच्या यादींत पहिलाहि आला. परंतु टीकाकारांनीं त्यावर जी झोड उठविली तिचे पडसाद अद्याप ऐकूं येतात.

आश्चर्य असें कीं, त्या टीकाकारांत संचाचाच एक वादक होता. पेटीच्या जातीचीं वाद्यें वाजविणारा रिक वेकमन याचें म्हणणें, सामग्री एका तबकडीहून थोडी अधिक व दोन तबकड्यांस कमी अशी होती, म्हणून मध्यें भर घालावी लागली. मँचेस्टर येथील एका जलशांत, हातास काम नसलेल्या वेळीं, आपण रंगमंचावरच करी मागवून खाल्ली, असें तो स्वतः सांगतो. श्रुतिस्मृतींचें गायन चाललें असतां एका वादकानें करीवर ताव मारावा, हा योगायोग विधात्यासच सुचूं शकतो! १९७४ सालीं वेकमन संच सोडून गेला.

येथें एका यांत्रिक गोष्टीचा विचार केला पाहिजे. कारण कलेचा आव पुष्कळदां साधनांतून जन्मास येतो. जुन्या, मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन-साडेतीन मिनिटें मावत. आपल्या नाट्यपदांच्या मुद्रिकाहि त्याच मापानें कापल्या गेल्या. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें दीर्घकाळ वाजणारी तबकडी आणिली, तेव्हां एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मिळूं लागलीं. तरीहि लोकप्रिय गाणें बराच काळ तीन मिनिटांचेंच राहिलें. १९६७ नंतर इंग्लंडांतील तरुण वादकांस वाटूं लागलें कीं, मोकळी बाजू पुढें आहे तर ती भरावी. युरोपच्या अभिजात संगीताप्रमाणें आपणहि दीर्घ रचना कराव्या. या महत्त्वाकांक्षेंतून जो पंथ निघाला त्यास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. चार शास्त्रांस चार बाजू हा हिशेब जमला तोहि तबकडीमुळेंच. पात्राच्या आकारावर स्वयंपाक ठरला म्हणजे कोठें कोठें आमटींत पाणी वाढणें अटळच असतें.

या पंथाचा डौल पुढें कोणत्या थरास गेला याचीं उदाहरणें मनोरंजक आहेत. याच वेकमननें १९७५ सालीं लंडन येथील वेंब्लीच्या क्रीडागृहांत राजा आर्थरची कथा वाद्यवृंद व गायकवृंद यांसह सादर केली. क्रीडागृहांत त्या वेळीं बर्फाचें मैदान होतें, म्हणून सगळे सरदार बर्फावर घसरत आले. यांत त्यास द्रव्याची मोठीच खोट बसली. 'एमर्सन, लेक अँड पामर' या त्रिकुटानें १९७७ च्या अमेरिका-दौऱ्यांत सुमारें सत्तर वादकांचा ताफा बरोबर घेतला. खर्च झेपेना, तेव्हां थोड्याच जलशांनंतर त्यास निरोप द्यावा लागला.

पण आडंबर ओळखणें वाटतें तितकें सोपें नाहीं. 'जेथ्रो टल' या संचाच्या इयन अँडरसननें १९७२ सालीं 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' ही तबकडी काढिली. दोन्ही बाजू मिळून एकच अखंड गीत. तें आठ वर्षांच्या एका बालकवीनें रचिलें असा वेष्टनावर बहाणा. आणि वेष्टन म्हणजे बारा पृष्ठांचें एक काल्पनिक ग्रामीण वृत्तपत्र. हा सारा त्या पंथाच्या डौलाची थट्टा करण्यासाठीं रचिलेला खेळ होता. पुष्कळांनीं तो गंभीर मानिला, व तबकडी अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर गेली. आतां पंचाईत अशी कीं, थट्टा म्हणून केलेली ही रचना संगीत या दृष्टीनें उत्तम वठली आहे. मग तिला आडंबरी म्हणावें कीं आडंबराची शत्रु? केवळ लांबी मोजून, किंवा कर्त्याच्या हेतूचा तर्क करून, हा निवाडा होत नाहीं हें यावरून उघड होतें.

या डौलाच्या उलट लाट आली ती १९७६-७७ च्या सुमारास, 'पंक' या नांवानें. १९७६ मधील 'रमोन्स' या अमेरिकन संचाच्या पहिल्या तबकडींत चौदा गाणीं आहेत व तीं सारीं मिळून अर्ध्या तासाच्या आंत आटोपतात. इंग्लंडांत 'सेक्स पिस्टल्स'चा गायक जॉन लायडन हा 'पिंक फ्लॉइड' या बड्या संचाचें नांव छापलेल्या अंगरख्यावर 'मला तिटकारा आहे' अशा अर्थाचे शब्द आपल्या हातें लिहून हिंडे. पंकनें आडंबराचा वध केला अशी कथा त्या पक्षाचे पुराणिक अजून लावितात. तिला इतिहासाचा आधार थोडा आहे. १९७७ च्या ऐन उन्हाळ्यांत 'येस'चीच एक नवी तबकडी इंग्लंडांत पहिली आली. आणि पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' हा जोडतबकड्यांचा ग्रंथ १९७९ सालीं निघून जगभर अमाप खपला. याहूनहि बोलकी गोष्ट म्हणजे, १९७७ सालीं लंडनच्या एका नभोवाणी-केंद्रावर लायडनला आपल्या आवडीचीं गाणीं लावण्यास बोलाविलें, तेव्हां त्यानें पीटर हॅमिल याचीं गाणीं लाविलीं. आणि हा हॅमिल तर त्याच दीर्घसूत्री पंथाचा एक नायक! शिवाय सेक्स पिस्टल्सचा जन्म लंडनच्या किंग्ज रोडवरील एका कपड्यांच्या दुकानाभोंवतीं झाला, आणि फाटक्या बंडखोरीचा वेष त्या दुकानांत रोख किंमतीस मिळे. साधेपणाचाहि आव आणतां येतो. छाटी नेसल्यानें वैराग्य येत नाहीं हें आपल्या संतांनीं इतक्यांदा सांगितलें आहे कीं मराठी वाचकांस तें नव्यानें सांगण्याचें कारण नाहीं.

आतां तिसरें उदाहरण घेऊं. १९७५ सालीं 'क्वीन' या संचानें 'बोहीमियन ऱ्हॅप्सडी' हें गाणें काढिलें. त्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी हा जन्मानें पारशी. त्याचें बाळपणींचें नांव फारोख बल्सारा, आणि शिक्षण आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंतलें. गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें, म्हणजे त्या काळच्या रिवाजाच्या दुप्पट. मध्यें युरोपीय संगीतनाटकाच्या धर्तीचा एक भाग. आणि ध्रुवपद तर नाहींच. आडंबराचे सगळे बाह्य अवयव येथें आहेत, व कित्येक टीकाकारांनीं तो आरोप केलाहि. पण इंग्लंडांत तें नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलें, व १९९१ सालीं मर्क्युरी निवर्तल्यावर पुनः तेथेंच गेलें. लोकप्रियता हें प्रमाण नव्हे हें आम्ही जाणतों. स्टारशिपचें उदाहरण वर दिलेंच आहे. आमचें प्रमाण निराळें आहे. हें गाणें कोणत्याहि वळणावर गरजेपेक्षां अधिक थांबत नाहीं. करुणेपासून नाटकीपणाकडे, व तेथून आवेशाकडे जातांना पुढची पायरी मागच्या पायरीवरच टेकलेली असते. आव मोठा आहे, पण आवांकाहि तितकाच आहे.

या विवेकास आपल्या साहित्यशास्त्रांत जुनें नांव आहे. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र त्यास 'औचित्य' म्हणतो. कमरेचा दागिना गळ्यांत घातला तर तो दागिना खोटा ठरत नाहीं, पण घालणाऱ्याचें हंसें होतें, अशा आशयाचें त्याचें विवेचन आहे. आणि कालिदासासारख्या महाकवीसहि त्यानें सोडलें नाहीं. परंतु दोष कोठें आहे तें त्या त्या श्लोकावर बोट ठेवून दाखविलें. मम्मटानें केवळ शब्दांच्या व अर्थांच्या चमत्कृतींत रमणाऱ्या चित्रकाव्यास खालची पायरी दिली, पण ती कां दिली याचें कारणहि दिलें. दंडीनें गौडांचा भारदस्त, समासप्रचुर मार्ग वैदर्भांच्या कोमल मार्गाहून वेगळा दाखविला. तरी केवळ लांब समास आहेत म्हणून बाणभट्टाची 'कादंबरी' कोणीं फेंकून दिली नाहीं. आपल्या शास्त्रकारांची निंदासुद्धां अभ्यासपूर्ण असे, हा त्यांचा मोठेपणा.

या मापानें 'येस'च्या चार शास्त्रांचा निकाल काय लागतो? कोणी सश्रद्ध वाचक विचारतील, हा आपल्या पवित्र शब्दांचा अपमान नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांत उपहास नाहीं, आदर आहे. खंडांचीं नांवें पाहिलीं तर स्मृतीस 'स्मरण' व पुराणास 'प्राचीन' हे अर्थ नेमके धरिले आहेत. उणीव आहे ती अन्यत्र. शब्दांचे अर्थ हातीं आले, शास्त्रें आलीं नाहींत. मूळ ग्रंथ दूरच राहिले, आणि एका तळटीपेवर ऐशीं मिनिटांचा प्रासाद उभा राहिला. त्यांतील कांहीं दालनें खरोखर सुंदर आहेत. कांहीं केवळ प्रासाद मोठा दिसावा म्हणून आहेत. दोष आहे तो एवढाच, आणि तो असा नेमका सांगतां येतो. 'सर्वांत वाईट' या शब्दांत तो सांगतां येत नाहीं.

आम्हीं जन्मभर शाळेंत शिकविलें. उत्तरपत्रिका तपासतांना आम्हांस दोन प्रकारचे विद्यार्थी नेहमीं भेटत. एकास कांहीं येत नसे, पण तो चार पानें भरून देई. दुसऱ्यास थोडें येई आणि तो आपल्या शक्तीपलीकडचें कांहीं मांडूं पाही. वाक्य मोडे, उपमा फसे, परंतु हात वर गेलेला दिसे. बाहेरून दोघांचीं पानें सारखींच फुगलेलीं. पहिल्याचा आव खोटा, दुसऱ्याचा आव म्हणजे वाढीची खूण. या दोघांस एकच शेरा देणारा शिक्षक पहिल्याचें कांहीं बिघडवीत नाहीं. दुसऱ्याचा मात्र नाश करितो. 'रघुवंशा'च्या आरंभीं खुद्द कालिदास स्वतःस उंच फळाकडे हात करणाऱ्या ठेंगण्या मनुष्याची उपमा देतो, व लोक हंसतील हें जाणूनहि काव्य लिहितो. त्या हंशाच्या भयानें त्यानें लेखणी खालीं ठेविली असती तर आपण कशास मुकलों असतों याची कल्पनाच बरी. 'आडंबरी' हा शब्द उच्चारण्यापूर्वीं हें ध्यानीं असावें. तो शब्द सर्वांत अधिक लागतो तो ढोंग्यास नव्हे, तर नुकताच हात वर करणाऱ्यास.

आणि म्हणूनच हा विषय केवळ परक्या मुलखांतील गाण्यांचा राहत नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत पूर्वीं ओटीवर एक वाद्य वाजे आणि सर्व घर तें ऐके. आवडो वा न आवडो, ऐकणें एकत्र होई. आतां प्रत्येकाच्या कानांत स्वतंत्र यंत्र आहे. काकांनीं किंवा आजोबांनीं पुतण्याच्या-नातवाच्या गाण्यास एकदां 'गोंगाट' म्हटलें कीं मुलगा वाद घालीत नाहीं. तो निमूटपणें यंत्र कानांत घालतो. घरांत शांतता होते, पण ती हरवलेल्या संवादाची शांतता असते. पुढें त्याच मुलाच्या मनांत काय चाललें आहे हें जाणण्याचा एक मार्ग वडिलांस कायमचा बंद होतो. अशा वेळीं वडिलांनीं एवढें करावें: गाणें शेवटपर्यंत ऐकावें; मग न आवडल्यास तसें स्पष्ट सांगावें; मात्र कोठें आवडलें नाहीं तें दाखवावें. 'येथें उगीच लांबलें', 'येथें शब्द मोठे आणि भाव लहान', असें म्हणतां आलें पाहिजे. आणि तरुणांनींहि हाच नियम आपणांस लावून घ्यावा. आजोबांच्या आवडीच्या नाट्यपदास 'रडगाणें' म्हणण्यापूर्वीं तें संपेपर्यंत बसावें. एखाद्या संचाची निंदा चारचौघांत मान मिळतो म्हणून करणें हाहि आवच होय, आणि त्या आवापासून कोणतीच पिढी मुक्त नाहीं.

सर्वांत वाईट गाणें कोणतें याचें उत्तर आम्हीं दिलें नाहीं अशी तक्रार कोणी करतील. तें उत्तर प्रत्येक घरानें आपापल्या पंक्तींत शोधावें, आणि खुशाल हात वाळेपर्यंत भांडावें. मात्र भांडण्यापूर्वीं गाणें एकदां सर्वांनीं मिळून ऐकावें, एवढीच आमची अट आहे.